शिफारसपत्राचा प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी आमच्या कार्यालयाबाहेर पालकांची रांग लागते. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, तर कोणाला आपला पाल्य श्रद्धावंत कॅथलिक असल्याचे पत्र. मुंबईच्या ख्रिस्ती महाविद्यालयांत राखीव जागेसाठी हे कागद उपयोगी पडतात. काही वर्षांपूर्वी याच रांगेतील एका माउलीने आम्हांला विचारात पाडले. प्रथम कम्युनियननंतर तिच्या मुलाचे पाऊल चर्चमध्ये क्वचितच पडले होते. तरीही तो दर रविवारी मिस्साला येतो, गायनवृंदात सेवा करतो, असे आम्ही लिहावे अशी तिची विनंती होती. "फादर, दोन ओळींनी कोणाचे काय जाणार?" ती म्हणाली.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ती राखीव जागा आली कोठून, हे पाहिले पाहिजे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८६९ साली, येशूसंघीय धर्मगुरूंनी सेंट झेवियर्स महाविद्यालय सुरू केले. १९४० साली सेक्रेड हार्ट भगिनींनी मुलींसाठी सोफिया महाविद्यालय उघडले. या संस्थांची दारे सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली राहिली. पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने कलम ३० अन्वये अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयाच्या खटल्यात आपल्या समाजाच्या मुलांना निम्म्यापर्यंत जागा देण्यास मान्यता दिली. परंतु उरलेल्या जागांवर इतर समाजांच्या विद्यार्थ्यांची निवड गुणवत्तेनेच व्हावी, असेही बजावले. २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ठरावीक टक्केवारीचा आग्रह सोडला, तरी मूळ अधिकार अबाधित ठेवला.

म्हणजे हा अधिकार समाजाचा आहे. तो कोणा एका कुटुंबाचा नाही आणि आम्हां धर्मगुरूंचा तर मुळीच नाही. आमच्या दोन ओळींनी एका मुलाला जागा मिळाली, तर यादीतील शेवटचे नाव खाली ढकलले जाणार. ते नाव कदाचित पहाटेची लोकल पकडणाऱ्या, घरी अभ्यासाला कोपराही नसलेल्या एखाद्या मुलीचे असेल. ती आमच्या दारात आलेली नसते, म्हणून तिचे नुकसान आम्हांला दिसत नाही, इतकेच.

त्या माउलीने आमच्यासमोर शुभवर्तमानही ठेवले. द्राक्षमळ्याच्या धन्याने शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण मजुरी दिली. मग धर्मगुरूने हात आखडता का घ्यावा? मुद्दा बिनतोड वाटला. रात्री प्रार्थनेच्या वेळी तो दाखला पुन्हा वाचला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. तो धनी औदार्य दाखवतो ते स्वतःच्या पैशातून. पहाटेपासून राबलेल्यांच्या ठरलेल्या मजुरीतून तो एक कवडीही कापत नाही. आम्ही मात्र दुसऱ्याच्या ताटातील घास उचलून दयाळू म्हणवून घेणार होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाप्तिस्म्याचा दाखला दिला आणि पत्रात कुटुंब आमच्या धर्मग्रामातील आहे, एवढेच लिहिले. त्या मुलाला हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही. माउली पुष्कळ दिवस आमच्याशी बोलली नाही.

आमचे मन तरी स्वच्छ होते काय? नाही. तो मुलगा चर्चला येईनासा झाला, त्या इतक्या वर्षांत आम्ही त्याच्या घराची पायरी किती वेळा चढलो? प्रवेशाच्या वेळी एका पत्राने जे भरून काढायला आम्हांला सांगितले जात होते, त्यात आमचाही कसूर होता. खोटे पत्र नाकारणे सोपे. त्या मुलाच्या पाठीशी वर्षभर उभे राहणे कठीण, आणि आमचे खरे कर्तव्य तेच होते.

वाचकहो, आपल्या पूर्वसूरींनी महानगरात उभारलेली ही महाविद्यालये आपल्या हाती ठेव म्हणून आली आहेत. ठेवीतून काढायचे ते गरजूसाठी, आणि हिशेब खरा ठेवून. त्या घटनेनंतर आमच्या सभागृहात संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी सात मुले आली. त्यांत त्या माउलीचा धाकटा मुलगा होता. ती स्वतः त्याला दारापर्यंत सोडून गेली.