मैदानावरचे गुण कुणाचे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांवरून दरवर्षी कुरबुर होते. शालेय स्पर्धांत चमकलेल्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेत जास्तीत जास्त २५ गुण वाढवून मिळतात. पुढे महाविद्यालयात क्रीडा कोटा आणि राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेतच. वर्षभर पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मुलाचे पालक विचारतात, हे आमच्या मुलाच्या वाट्याचं का द्यायचं? खेळाडूचे पालक म्हणतात, आमच्या पोरानेही पहाटे उठून घाम गाळलाय, त्याच्या कष्टाचं त्याला मिळालं. हे भांडण वाटतं तितकं खोल नाही, कारण दोन्ही घरांची मूळ समजूत एकच आहे : ज्याने यश मिळवलं, त्याने ते एकट्याने कमावलं. मला ही समजूतच मान्य नाही. खेळाडू मुलाला जागा जरूर द्यावी. पण ती त्याची कमाई आहे म्हणून नव्हे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं सांगितलं आहे : अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. स्वतःलाच एकटा कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असंही लगेच पुढे म्हटलं आहे. निष्काम कर्माचा हवाला आपण उठताबसता देतो. हा हिशेब मात्र सहसा कुणी काढत नाही. अधिष्ठानाचा अर्थ शंकराचार्यांनी शरीर असा केला. तो बास्केटबॉलला लावून पाहावा. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते आणि सरावाने माणसाची उंची वाढत नाही. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला सतनाम सिंग २०१५ मध्ये अमेरिकेच्या एनबीएच्या निवडीत घेतला गेलेला पहिला भारतीय ठरला. सात फुटांवरची उंची त्याला उंच वडिलांकडून आली होती. किशोरवयात फ्लोरिडातल्या अकादमीत शिकायची संधी मिळाली नसती, तर त्या उंचीचं गावात फार तर कौतुक झालं असतं. साधनांचं म्हणाल, तर कुस्तीगीर खाशाबा जाधवांचं उदाहरण घरचंच आहे. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं ते त्यानंतर. खाशाबांच्या डावपेचांचं मोल यात तसूभरही कमी होत नाही. पण त्या कांस्यपदकामागे एका गहाणखताचाही हात होता, हे मान्य करायला आपल्याला जड का जावं?

ठाणे जिल्ह्यातल्या आसनगाव स्टेशनला उतरून शहापूर-मुरबाडच्या पाड्यांकडे निघालं की ही पाचही कारणं सुटी सुटी दिसायला लागतात. कबड्डीला चार हात माती पुरते. बास्केटबॉलला सपाट टणक कोर्ट, रिंग, बोर्ड आणि शिकवणारा माणूस लागतो. ते नसेल तर कसाऱ्याहून येणारी लोकल पकडून कल्याण-ठाणं गाठायचं, आणि या फाट्यावर गाड्या मुळातच कमी. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यात. तरी इथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. जिची सकाळ डोक्यावर हंडा घेऊन चालण्यात जाते, ती मुलगी सरावाला कधी जाणार? म्हणजे ज्या मेहनतीला आपण निव्वळ स्वतःची म्हणतो, तिलाही मोकळा वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाला किती मिळावा हे बऱ्याचदा जन्माआधीच ठरलेलं असतं. धावपटू कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची, याच सह्याद्रीच्या कुशीतली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. तिच्याकडे बोट दाखवून ‘जिद्द असली की सगळं होतं’ असं म्हणणारे, नाशिकला तिला घडवणारे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांना सोयीस्करपणे वगळतात.

यावर सरळ आक्षेप येतो : सगळंच शरीर, साधनं आणि दैव यांच्या खाती गेलं, तर पोराने पहाटे उठायचं कशाला? हा आक्षेप वजनदार आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात नैसर्गिक देणगी कुणाच्याच पात्रतेची नसते असं म्हटलं. प्रयत्न करण्याची वृत्तीसुद्धा बव्हंशी घर आणि परिस्थिती घडवतात, इथवर ते गेले. तिथे मी त्यांच्यापेक्षा गीतेच्या बाजूने उभा राहीन. पाच कारणांत कर्ता आहे आणि चेष्टाही आहे. त्यांचा वाटा शून्य नाही. पहाटे उठणाऱ्याचं कौतुक व्हायलाच हवं. मात्र केलेल्या कर्माचं कौतुक वेगळं आणि त्यातून निघालेल्या सगळ्या फळावर सातबारा सांगणं वेगळं. शिवाय हाच न्याय पंचाण्णव टक्केवाल्यालाही लागू होतो. त्याची क्लासची फी, घरातली शांत खोली, शिकलेले आईबाप ही त्याची करणंच. सवलतीचे गुण ‘फुकटचे’ म्हणणाऱ्याने आपल्या गुणांतले फुकटचे किती, हेही मोजून पाहावं.

दुसरा आक्षेप परंपरेतूनच येतो आणि तो अधिक धोकादायक आहे. दैव म्हणजे पूर्वकर्माचंच फळ. तेव्हा उंची, वेग, सुखवस्तू घर हेही मागच्या जन्मी कमावलेलंच, असा तो युक्तिवाद. हे मानलं तर कातकरी पाड्यावरच्या मुलाचं कुपोषणही त्याचीच कमाई मानावी लागेल. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर नेमका हाच ठपका ठेवला : गरिबाच्या स्थितीची जबाबदारी या सिद्धान्तामुळे राज्य आणि समाज यांच्या अंगावरून झटकली जाते. हा ठपका मला अजून कुणी पुसलेला दिसत नाही. दैवाचा उपयोग एवढाच, की जिंकलेल्याने आपल्या वाट्याला न कमावलेलंही काही आलं हे ओळखावं. हरलेल्याचा हिशेब मांडायला ते वापरू नये.

मग जागा द्यायची ती कशासाठी? शिकण्यासाठी. खेळात रमलेल्या मुलाचे तास मैदानावर जातात आणि खेळाचं वय लवकर सरतं. पुढच्या चाळीस वर्षांसाठी त्याच्या हाती विद्या हवी. असं मानलं की निवडीची रीतही बदलावी लागते. केवळ राज्यस्तराचं प्रमाणपत्र पाहणं म्हणजे ज्याला कोर्ट, गाडीभाडं आणि प्रशिक्षक मिळाला त्यालाच आणखी देणं. तालुका स्पर्धेत अनवाणी खेळून तिथेच थांबलेल्या मुलापर्यंत निवड करणाऱ्याने स्वतः गेलं पाहिजे. आणि जागा मिळाल्यावर पहिल्याच वर्षी गुडघ्याची लिगामेंट तुटली तर? अमेरिकेत १९७३ पासून जवळपास चार दशकं महाविद्यालयीन खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या एकेका वर्षाच्याच असत. जायबंदी झालेल्याचं पुढचं वर्ष प्रशिक्षकाच्या मर्जीवर राही. जागा पदकांच्या बदल्यात दिली असेल, तर तो व्यवहार चोखच म्हणायचा. शिक्षणासाठी दिली असेल, तर लंगडत वर्गात येणाऱ्या त्या मुलाची फी माफ राहिली पाहिजे आणि वसतिगृहातली खाटही. संघात त्याच्या जागी कुणाला घ्यायचं, ते प्रशिक्षकाने पाहावं.