डाव्या हाताची कात्री

वस्तऱ्याला एकच पातं. ते डाव्या हातात धरा की उजव्या, त्याचं काम तेच. कंगव्यालाही हात कळत नाही. सलूनच्या आरशाखाली मांडलेल्या सामानात तो कळतो एकट्या कात्रीला. तिला पाती दोन आहेत. दोघांपैकी कुणी कुणाच्या कुठल्या अंगाला राहायचं, हे ती हातात येण्याआधीच ठरून गेलेलं असतं.

बोईसरला ज्या सलूनमध्ये मी जातो, तिथला कारागीर डावखुरा आहे. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला. आपण खुर्चीत बसतो, तो मागे उभा राहतो, आणि त्याला आपण पाहतो ते आरशात. आरशातल्या माणसाचा डावा हात उजवा दिसतो. कात्रीही उलटते. आरशात तो चारचौघांसारखाच असतो. त्याच आरशात बाकीचे सगळे कारागीर डावखुरे असतात. तेही कुणाला जाणवत नाही.

सकाळी तिथे रात्रपाळी सुटलेले लोक बसलेले असतात. एमआयडीसीतून येऊन, दाढी करून, मगच झोपायला जाणारे. त्यांतले एक प्रेसवर काम करतात. ते सांगत होते, दोन तळव्यांनी दोन बटणं एकदम दाबल्याखेरीज त्यांची प्रेस खाली येत नाही. एखादा हात साच्याखाली सापडू नये, म्हणून केलेली सोय. यंत्राला दोन्ही हात हवेत, आणि सारखेच हवेत. खुर्चीमागचा तरुण हसला. "आमच्या कात्रीचं असं असतं, तर बरं झालं असतं," म्हणाला.

मग त्याने कात्री हातात घेऊन दाखवली. ती नुसत्या धारेने कापत नाही. पाती एकमेकांना घासून गेली पाहिजेत. मूठ मिटताना आपला अंगठा किंचित बाहेर ढकलतो, बोटं किंचित आत ओढतात. इतकं किंचित, की आपल्यालाही ते कळत नाही. उजव्या हातातल्या उजव्या कात्रीची पाती या ढकलओढीने जवळ येतात. तीच कात्री डाव्या हातात दिली, की तीच ढकलओढ पात्यांना फाकवते. धार शाबूत असते, पण केस कापला जात नाही. तो फटीत दुमडून अडकतो, आणि गिऱ्हाईक कळवळतं. शिवाय वरचं पातं नेमकं नजरेच्या आड येतं. कापायची रेघ दिसत नाही. कात्री उलटी धरून पाहावी, तर त्याचाही उपयोग नाही. उजवी कात्री कशीही फिरवली तरी उजवीच राहते. तिला डावी करू शकतो तो फक्त आरसा.

पालघरला मामाच्या दुकानात तो शिकला. दुकानातल्या कात्र्या मेरठच्या. मेरठची कात्री नावाजलेली. २०१३ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आजोबांनी घ्यावी आणि नातवाने वापरावी, अशी तिची ख्याती तिकडे सांगतात. टिकाऊपणाची याहून मोठी पावती नाही. पण नातू डावखुरा निघाला, तर? मामाने ते फारसं मनावर घेतलं नाही. प्रसाद उजव्या हातात घेतोस ना, मग कात्रीही घे, असं म्हणून पाहिलं. ते जमेना, तेव्हा म्हणाला, बरं, डाव्या हाताने काप. पण कात्री हीच.

मग हातानेच वाट काढली. अंगठ्याने ढकलायचं तिथे ओढायचं, बोटांनी ओढायचं तिथे ढकलायचं. मनगट दुखायचं. अंगठ्यावर घट्टा पडला, तो अजून आहे. पण केस कापले जाऊ लागले.

मामाकडे थेट पाहून शिकणं मात्र अवघड जात होतं. कंगवा कुठल्या हातात, सुरुवात कुठल्या कानापासून, मानेवर कात्री कशी वळते, सगळं मनात उलटं करून घ्यावं लागे. एक दिवस तो आरशात पाहू लागला. आरशात मामा डावखुरा होता! आता दिसेल तसं करायचं, एवढंच उरलं. त्या दुकानात संत सेना महाराजांची तसबीर आहे. सेना महाराज पूजेत रंगले, म्हणून पांडुरंगच त्यांचं रूप घेऊन राजाची हजामत करायला गेला आणि तेलाच्या वाटीत राजाला देवाचं रूप दिसलं, अशी कथा सांगतात. प्रतिबिंबाला या धंद्यात असा जुना मान आहे.

पुढे बोईसरला चार पैसे हाती आले, तेव्हा त्याने डाव्या हाताची कात्री घ्यायची ठरवली. इथे मिळेना. गाडी पकडून मुंबईला गेला. तिथेही आधी पुढे आली ती 'दोन्ही हातांना चालते' म्हणून विकली जाणारी. तिच्या कड्या दोन्ही हातांना बसणाऱ्या, पाती मात्र उजवीच. ओळखायचं कसं, तेही त्याने सांगितलं. टोक पुढे करून, कापायच्या तयारीत धरायची. वरचं पातं खालच्याच्या डाव्या अंगाला दिसलं, तर ती खरी डावी. मग स्क्रू पाहायचा. एक कडी धरून दुसरं पातं उचलायचं आणि सोडून द्यायचं. खटकन मिटलं तर सैल, वरच अडकून राहिलं तर घट्ट. हळूच खाली येऊन मध्येच कुठेतरी थांबलं, की बरोबर. लांबी त्याने साडेपाच इंच घेतली. कंगव्यावरून कापायला सहा-सात इंची बरी पडते, पण डाव्यांसाठी निवडायला फार काही नसतं. जे असतं ते महाग असतं.

त्या कात्रीचा एक फायदा मला फार आवडला. दुकानात कात्री मागून नेण्याची पद्धत असते. त्याची कुणी नेत नाही. नेली, तर लगेच परत येते.

धार लावायला मात्र ती कुणाकडेही देता येत नाही. धारवाल्याचा हात उजव्या कात्रीला सरावलेला. सवयीने तोच कोन धरला, की पातं बिघडलं.

नवी कात्री घेऊन तो पहिल्यांदा कामाला उभा राहिला, आणि केस दुमडले. कात्री बरोबर होती. हात चुकत होता. उजव्या कात्रीसाठी शिकलेली उलटी ढकलओढ आता डाव्या कात्रीची पाती फाकवत होती. जो अडथळा पार करायला तो ती शिकला, तो अडथळाच आता नव्हता; शिकलेलं मात्र होतं.

या गोष्टीपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. जो हात तो आपला म्हणून वापरत होता, त्यातला अर्धा मामाच्या कात्रीचा होता. जन्माचा हात कुठे संपला आणि सवयीचा कुठे सुरू झाला, हे त्यालाही सांगता येईना. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करायचा आणि सही डाव्या हाताने करतो. त्यातला खरा हात कुठला, असं कुणी त्याला विचारत नाही. सगळ्यांनाच ही सूट मिळते असं नाही.

तो घाईला आला नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की नवी कात्री घेऊन नुसती उघडमीट करत बसे. एक पातं स्थिर, अंगठ्याचं तेवढं हलतं. बोटांनी काहीच करायचं नाही, हे शिकायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. आता ती त्याच्या हाती बसली आहे. जुनी त्याने टाकलेली नाही. ट्रेमध्ये दोन्ही शेजारी शेजारी असतात.

मी त्याला विचारलं, "उद्या एखादा डावखुरा मुलगा तुझ्याकडे शिकायला आला, तर त्याच्या हातात कुठली देशील?"

"डावीच, काका. पहिल्या दिवसापासून." माझ्या मानेवरचे केस ब्रशने झटकत तो पुढे म्हणाला, "पण महिन्या-दोन महिन्यांनी उजवीही देईन. दुसऱ्याच्या दुकानात काम करायची वेळ आली, तर तिथे डावी कोण ठेवणार?"