झुल्यावरच्या बाईचा हजेरीपट

मातृत्व लाभ कायद्यात १९७३ साली एक दुरुस्ती झाली. कारखाने, खाणी आणि मळे यांच्या जोडीला अश्वारोहणाचे, कसरतींचे खेळ करून दाखवणारे व्यवसायही त्या कायद्याखाली आले. म्हणजे सर्कस. झुल्यावरून झेप घेणारी, तारेवरून चालणारी बाई कामगार आहे, हे कायद्याने तेव्हाच मान्य केले. प्रेक्षकांनी मात्र ते अजून मान्य केलेले नाही. आपण तिच्या धाडसाला टाळी देतो, आणि एकदा धाडस म्हटले की पगार, रजा, म्हातारपण हे प्रश्न मनात येतच नाहीत.

भारतीय सर्कस उभी राहिली ती मराठी माणसाच्या हातून. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत पहिला खेळ केला. त्यांच्या सर्कशीत त्यांच्या पत्नीही झुल्यावरची कामे करत. पुढे बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांच्या सर्कशीत सुशीला सुंदरी हाती शस्त्र न घेता वाघांच्या पिंजऱ्यात उतरत. अखेर वाघाच्या हल्ल्यात त्या जबर जखमी झाल्या आणि त्यांचे काम थांबले. सुशीलाबाईंची गोष्ट सांगताना आपणही त्या हल्ल्यापाशीच थांबतो. त्यानंतर त्यांचे घर कशावर चालले, हे कोणी विचारत नाही.

वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायम केली. ते योग्यच झाले. पण तेव्हापासून तंबूचा सगळा भार माणसांच्या शरीरावर आला, आणि त्यातही बायकांच्या. सकाळी सराव, मग दिवसाला दोन-तीन खेळ. एकाच खेळात चार-पाच आयटम, प्रत्येकासाठी वेगळा पोशाख. मुक्काम हलला की बांधाबांध. पिरॅमिडच्या टोकावर हात पसरून उभ्या असलेल्या मुलीकडे सगळे बघतात. तिचे आणि आणखी चौघींचे वजन खांद्यांवर पेलणारी तळातली बाई कोणाला दिसत नाही. गुडघे, खांदे, कंबर बोलू लागली की झुला सुटतो. मग जमिनीवरची सोपी कामे येतात, त्यांचे पैसेही कमी. इतर नोकऱ्यांत ज्या वयात माणसाला बढती मिळते, त्या वयात ही बाई उतरणीला लागलेली असते.

१९७३ ची दुरुस्ती इथेच अपुरी पडते. बाळंतपणाच्या आधीच्या सहा आठवड्यांपूर्वीचा एक महिना कष्टाचे काम देऊ नये, अशी त्या कायद्यात तरतूद होती. म्हणजे संरक्षण सुरू होणार सातव्या महिन्याच्या सुमारास. हा हिशोब यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या बाईचा आहे. झुल्यावरच्या बाईला त्याच्या कितीतरी आधी खाली उतरावे लागते, आणि मधल्या महिन्यांत तिला पगार कोणी द्यायचा याचे उत्तर कायद्यात नाही. शिवाय बाळंतपणाच्या रजेचा पगार द्यायचा मालकाने. डबघाईला आलेल्या तंबूचा मालक अशा वेळी काय करील, हे वेगळे सांगायला नको.

सर्कशीत मुलांना कामाला लावण्यावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. नेपाळमधून आणि आपल्याकडच्या गरीब जिल्ह्यांतून आणलेल्या मुली तंबूत कोंडल्या जात, मार खात. या बंदीमुळे कला बुडाली असे जे म्हणतात, त्यांच्याशी मी मुळीच सहमत नाही. विकत आणलेल्या पोरींवर जगणारी कला बुडालेली बरी. पण मुलींची सुटका झाली म्हणजे प्रश्न मिटला, असे सरकारने मानले. आधीच तंबूत वाढलेल्या, दुसरे काहीच न शिकलेल्या प्रौढ बायका तिथेच राहिल्या. त्यांना आपण एक तर नवलाची वस्तू समजतो, नाही तर दयेची.

केरळमध्ये निराधार सर्कस कलावंतांना सरकारी पेन्शन मिळते. तलश्शेरी हे सर्कसवाल्यांचे गाव, तेव्हा त्या राज्याला याची जाण असणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातही वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून आहे. सर्कशीतल्या बाईचा हक्क त्यात नि:संदिग्ध शब्दांत लिहिला गेला पाहिजे. पण तेवढ्याने भागणार नाही. अर्ज करायचा तर पुरावा लागतो, आणि दहा राज्यांत, चार कंपन्यांत, वेगवेगळ्या नावांनी काम केलेल्या बाईजवळ कसला पुरावा असणार? म्हणून पहिली मागणी साधी आहे. प्रत्येक सर्कशीने आपल्याकडच्या बाईला सेवापुस्तक द्यावे: खरे नाव, कामावर लागल्याची तारीख, पगार, झालेल्या दुखापती. सर्कस सोडताना ते तिच्या हातात असावे, आणि तंबूला परवानगी देणाऱ्या जिल्हा प्रशासनाने आधी ते तपासावे.