ऐकणे आणि मानणे

आपल्या भाषेत 'ऐकणे' ह्या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. कानी पडलेला शब्द ग्रहण करणे हा एक, व सांगितलेले मानणे हा दुसरा. 'पोरगा ऐकत नाही' असे म्हणताना आपण बहुधा दुसराच अर्थ मनात धरतो आणि मुलावर हट्टाचा दोष ठेवतो. परंतु ज्याला पहिले ऐकणेच कठीण, त्याला दुसऱ्याबद्दल दोषी ठरवणे न्यायाचे होईल काय?

हा प्रश्न स्वमग्न मुलांविषयी विशेष उद्भवतो. सन १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर ह्यांनी अशा ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील काहींना लोकांनी प्रथम बहिरे समजले होते. तरी मोठ्या आवाजाने मुले भयभीत होत, असेही त्यांनी नमूद केले. ह्याचे कारण असे सांगतात की, आपले मन नको ते आवाज मागे सारून हवा तो शब्द निवडते. ह्या मुलांपैकी पुष्कळांना ती निवड साधत नाही. पंखा, ढोलकी, तान्ह्याचे रडणे व उपदेशकाचा शब्द ही सर्व एकदमच त्यांच्यावर येतात. स्वतः ताट बडवणारे मूल दुसऱ्याच्या झांजेने किंचाळते, ह्यातही ढोंग नाही. आपला आवाज केव्हा होणार हे त्यास ठाऊक असते. दुसऱ्याचा अवचित कोसळतो.

वाशीम जिल्ह्यातील कामरगावी, किंवा कोणत्याही गावी, वरातीचा बाजा इतरांस मौजेचा वाटतो. अशा मुलास तो वेदना देतो. उपासनेतून ते कान झाकून पळाले, तर कोणी बाधा म्हणतो, कोणी आईबापांचे पाप काढतो. जन्मांधाविषयी शिष्यांनीही असेच विचारले होते, व प्रभूने ती कल्पना साफ नाकारली.

मग एका मुलासाठी मंडळीने गायन सोडावे काय? तसे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याला सोसवते त्याने न सोसवणाऱ्यासाठी थोडे सरून घ्यावे, हा प्रीतीचा नियम आहे. मार्काच्या सातव्या अध्यायातील बहिऱ्या मनुष्यास प्रभूने गर्दीतून एकीकडे नेले, आणि मगच बरे केले. गर्दीत उभे राहून ऐकण्याची अट त्याने घातली नाही.

म्हणून आईबापांनी प्रथम मुलाचे कान वैद्याकडून तपासून घ्यावे, कारण खरे बहिरेपणही असू शकते. उपदेशकांनी अशा मुलास दारालगत जागा द्यावी. घंटा वा ढोलकी वाजण्यापूर्वी त्यास सांगावे. कानांवरचे हात ओढून काढू नयेत. नाव घेऊन एक लहान वाक्य बोलावे आणि उत्तराची वाट पाहावी. सन २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेची गणना झाली आहे. तेव्हा सरकारी रुग्णालयातून दाखला मिळवण्याच्या कामी आईबापांस साह्य करावे.

असे मूल बाहेर ओट्यावर बसून गीत ऐकत असेल, तर तेही उपासनेतच आहे असे मंडळीने समजावे.