गोंदून घ्यावे काय?

वाचावयाचा भाग : लेवीय, अध्याय १९, यशया ४९ : १४ ते १६, गलतीकरांस ६ : १२ ते १७



मुळशी तालुक्यातील एका लहानशा मंडळीच्या उपदेशकांचे पत्र आम्हांस आले आहे. मंडळीतील एक तरुण, वय वीस-एकवीस, हिंजवडीस एका कंपनीत पाळीने कामास जातो. उजव्या हातावर, कोपराच्या खाली, क्रूस गोंदवून घ्यावा असे त्याच्या मनात आहे. पंचांनी नको म्हटले. तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "आजीच्या हातावर तुळस चालते, मग माझ्या हातावर क्रूस का चालू नये?" कोणास उत्तर सुचले नाही. आजी तेथेच बसल्या होत्या. त्यांनी हात पदराखाली घेतला.

प्रश्न मोठा आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही देणारच आहोत. परंतु पत्राच्या शेवटी उपदेशकांनी संकोचाने जी दोन वाक्ये लिहिली आहेत, ती वाचून आमचा जीव थोडा झाला. काही वर्षांमागे आम्ही त्या मंडळीत उपदेशास गेलो होतो. लेवीय १९ मधील अठ्ठाविसावे वचन घेऊन गोंदण्याविरुद्ध आम्ही आवेशाने बोललो आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. त्या आठवड्यात आजींनी बिब्बा तापवून त्याचे तेल तुळशीवर लावले. हात सुजला, फोड आले, पू झाला. ऐन आवणीच्या दिवसांत महिनाभर त्यांस चिखलात उतरता आले नाही. तुळस मात्र गेली नाही. अर्धी पुसट, अर्धी काळी अशी ती अद्याप आहे. आमचा मान राखावा म्हणून उपदेशकांनी हे इतके दिवस कळविले नाही. असला मान आम्हांस नको होता.

म्हणून ते वचन आम्ही पुन्हा उघडून वाचले. मृतासाठी अंगावर जखमा करून घेण्यास आणि अंगावर चिन्हे गोंदवून घेण्यास तेथे मनाई आहे. गोंदण्याविषयीचा मूळ इब्री शब्द सबंध जुन्या करारात ह्या एकाच ठिकाणी आला आहे. त्यावरून मोठा इमला उभारताना जपावे हे बरे. विषय शोकाच्या वेळच्या विधींचा, परराष्ट्रांच्या दैवतांचा आणि मेलेल्यांच्या भयाचा आहे. त्याच अध्यायात दोन जातींच्या सुतांचे वस्त्र घालू नये असे सांगितले आहे, दाढीचे कोपरे कापू नयेत असेही आहे. आमच्या पंचांपैकी किती जण सुती-टेरिलीनचा सदरा घालून दाढी करून देवळात येतात? त्यांस कोणी अडवीत नाही. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी राखावे, हीही आज्ञा त्याच पानावर आहे. आंबेमोहोराच्या खाचरात दिवसभर वाकलेल्या बाईचे पैसे पुढच्या बाजारापर्यंत लांबविणाऱ्यास कोणत्या मंडळीने जाब विचारला आहे?

आणि अठ्ठाविसाव्या वचनाच्या पुढे चारच वचनांवर, पिकल्या केसांसमोर उठून उभे राहावे व वृद्धांचा मान ठेवावा, अशी आज्ञा आहे. आम्ही अठ्ठाविसाव्या वचनावर उपदेश केला आणि बत्तिसाव्यापर्यंत पोहोचलोच नाही.

आजींच्या हातावरची तुळस कोठून आली, हेही तरुणांस कळू द्यावे. गोंदणारीण दारी येई. दिव्याची काजळी, एकत्र बांधलेल्या सुया आणि मांडीवर घट्ट धरलेली रडणारी पोर, असा तो प्रकार. मजुरी सुपातल्या धान्याची. हनुवटीवर ठिपके, कपाळावर टिळा, हातावर तुळस, विंचू किंवा भावाचे नाव. सोने-चांदी चोर नेतो, प्रेतावरचे दागिने नातलग काढून घेतात, पण गोंदण तेवढे देहाबरोबर जाते, अशी बायांची समजूत असे. ज्यांच्या अंगावर दुसरा दागिना नव्हता, त्यांना ही समजूत किती गोड वाटली असेल! १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो १९२४ पर्यंत चालला, तरी धरण झालेच. घरे, देवळे, भाताची खाचरे पाण्याखाली गेली. तेथून निघालेल्या बायांनी उचलता आले ते डोक्यावर घेतले. गोंदण तेवढे उचलावे लागले नाही. ह्या गोष्टीला अंधश्रद्धा एवढेच नाव देऊन आम्ही मोकळे झालो होतो.

गोंदणाशी जोडलेले भय मात्र खरोखर सोडण्याजोगे होते. न गोंदलेल्या मुलीला परलोकी यातना होतील, ही धास्ती खोटी आहे. पण भय जाते ते विश्वासाने. बिब्ब्याने कातडी जाते.

आता त्या तरुणाशी बोलू. बाबा, तुझा क्रूस ही जगात नवी गोष्ट नव्हे. मिसर देशातील कॉप्ट ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस लहानसा क्रूस गोंदवून घेत आले आहेत. यरुशलेमेस गेलेले यात्रेकरूही शतकानुशतके हातावर क्रूस घेऊन परतले आहेत. त्यांस अख्रिस्ती म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. यशयाच्या ४४ व्या अध्यायात तर, आपण परमेश्वराचे आहो असे हातावर लिहिणारा मनुष्य आशीर्वादाच्या चित्रात दाखविला आहे. म्हणून गोंदवून घेणे हे पाप, असे आम्ही तुला सांगणार नाही. न घेणे हे पुण्य, असेही नाही.

गलतीयाच्या मंडळ्यांत असाच वाद माजला होता. तेथे प्रश्न सुंतेचा, म्हणजे अंगावरच्या खुणेचाच होता. पौलाने दोन्ही पक्षांस सांगितले की खूण असल्याने काही होत नाही आणि नसल्याने काही होत नाही; नवी उत्पत्ती हीच काय ती गोष्ट. पुढे तो आपल्या अंगावरच्या येशूच्या खुणांविषयी बोलतो. त्या खुणा त्याने कोणाकडून काढून घेतल्या नव्हत्या. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार आणि एकदा दगडमार, एवढा हिशेब करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे.

तुझ्या हाताविषयी आमची काळजी वेगळी आहे. गोंदलेला क्रूस हात जाईल तेथे जाईल. गुत्त्यात ग्लास उचलशील तेव्हा तो वर येईल. रागाने घरच्या माणसावर हात उगारशील तेव्हा तिला तो सर्वांआधी दिसेल. आणि ताईत म्हणून, अपघात टळावा म्हणून, क्रूस घ्यावयाचा असेल, तर तो क्रूस नव्हे. आजींनी सोडलेले भयच तू नव्या आकृतीत घरी आणतो आहेस. सोबत्यांनी घेतला म्हणून घेत असशील, तर थांब. एक आवणी आणि एक कापणी जाऊ दे. त्यानंतरही मन तेच म्हणत असेल, तर आम्ही आड येणार नाही.

व्यवहाराच्याही दोन गोष्टी सांगतो; त्या उपदेशकांनी सर्व तरुणांस सांगाव्यात. जत्रेत एकाच सुईने दहा जणांस गोंदतात. त्यातून कावीळ ब आणि क, तसाच एड्सचा विषाणू, एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतो. प्रत्येकास नवी सुई आणि नवी शाई मिळेल तेथेच जावे. गोंदल्यानंतर बारा महिने रक्तपेढी तुमचे रक्त घेत नाही. ज्यास सैन्यात जावयाचे आहे त्याने भरतीचे नियम आधी पाहावेत. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूस व पंजाच्या मागे गोंदलेले चालते, आदिवासी जमातींस त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे, बाकी ठिकाणी गोंदलेले उमेदवार परत पाठवितात. लेसरने काढता येते म्हणतात, पण त्याला अनेक खेपा आणि पुष्कळ पैसा लागतो, आणि तरीही डाग राहू शकतो.

आणखी एक सांगावेसे वाटते. कंपनी सरकारच्या अमलात बंगाल व मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदीत असत. १८४९ साली ती चाल बंद झाली. माणसास त्याच्या कातडीवरून ओळखावयाचे, ही सरकारची रीत होती. आम्ही त्या दिवशी आजींशी वेगळे काय केले? त्याच तुळशीच्या हाताने त्या दर आठवड्यास मुठीचे तांदूळ मंडळीत आणतात, हे आम्हांस ठाऊक होते.

परमेश्वर आपणास विसरला, असे सीयोन रडून म्हणते, तेव्हा यशयाच्या ४९ व्या अध्यायात देव उत्तर देतो की, त्याने तिला आपल्या तळहातांवर कोरले आहे. भावाचे नाव हातावर गोंदवून सासरी गेलेल्या बाईस ह्या वचनाचा अर्थ आमच्याआधी कळला असता. आम्ही ते धर्मशाळेत शिकलो, परीक्षेत त्यावर लिहिले, आणि त्या देवळात आजींसमोर उभे असताना ते आम्हांस आठवले नाही.

उपदेशकांनी हे पत्र आधी आजींच्या घरी जाऊन वाचून दाखवावे, आणि मग मंडळीत. आम्ही भाताची कापणी उरकल्यावर येऊ. त्या तरुणाने आपला प्रश्न मागे घेऊ नये. पंचांनीही त्याच्यावर रागावू नये. आणि तोवर आजींनी हात पदराखाली घेऊ नये, एवढे आमच्या नावाने त्यांस सांगावे.