चिंता हेही ध्यानच!

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

"चांगला विचार करा, चांगलं होईल" हे वाक्य हल्ली मोबाईलवर रोज सकाळी येते. वाचून बरे वाटते आणि दुपारपर्यंत विसरते. आपल्या दत्तसंप्रदायात मात्र हाच विचार फार जुना आहे, आणि आचरणात कसा आणायचा तेही सांगितलेले आहे.

श्रीमद्‌भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. नाथमहाराजांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतात हा प्रसंग मराठीत विस्ताराने आला आहे. त्या चोवीसांत एक आहे कुंभारमाशी. ती अळीला घरट्यात कोंडते. भीतीने अळीला दुसरे काही सुचत नाही, माशीचाच ध्यास लागतो आणि शेवटी ती माशीच होते, असा तो दृष्टांत. यातली खुबी नीट पाहा. अळीने काही प्रेमाने ध्यान केले नव्हते, भीतीने केले होते. प्रेमाने, द्वेषाने किंवा भयाने, मन जिथे पूर्ण लागते तसा माणूस होतो, असे अवधूत सांगतात. म्हणजे रात्री दोन वाजता आपण करतो ती चिंता हेही ध्यानच की! जप चालूच असतो, फक्त देवाच्या नावाऐवजी "भाव पडला तर?", "रिपोर्ट वाईट आला तर?", "मुलाने विचारलं नाही तर?"

मग संकटाकडे डोळेझाक करायची का? मुळीच नाही. आपल्या सटाण्याचे देवमामलेदार यशवंतराव महाराज आठवा. 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी लोकांसाठी मोकळा केला. 1 लाख 27 हजार रुपये वाटले असे सांगतात. पुढे तपासणीत खजिना भरलेला निघाला ही भक्तांची श्रद्धा, माझीही आहे. पण मला जास्त मोठा वाटतो तो त्याआधीचा क्षण. किल्ली हातात, समोर उपाशी माणसे, आणि आपले काय होईल ते ठाऊक नाही. त्यांनी दुष्काळ नाकारला नाही. त्यात आपल्या हाती काय आहे तेवढे पाहिले आणि ते केले. सद्विचार म्हणतात तो हाच.

आपल्याकडे चाळीत कांदा साठवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. भाव त्याच्या हातात नाही. पण सडका कांदा वेळेवर निवडून काढणे हातात आहे. तो राहिला तर शेजारचे चार नासवतो. मनाचेही तसेच आहे.

मी बँकेत कारकून होतो. कॅश जुळल्याशिवाय दिवस बंद होत नसे. ती सवय मी मनाला लावली आहे. झोपण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहितो. आज कोणाचा कोणता गुण दिसला? मग तो दूधवाला असो की नातू, आजचा गुरू तोच. कोणती काळजी आहे आणि तिच्यात माझ्या हाती काय आहे? ते उद्या सकाळी करायचे. जे हाती नाही ते कोणाचे? ते दत्तमहाराजांच्या नावे टाकायचे. मग वही मिटून अकरा वेळा नाम. काळजी पुन्हा येतेच, पण "तुझी नोंद झाली" असे तिला सांगता येते. महिनाभर करून पाहा. आणि झोपच उडाली, मन फारच खचले, तर डॉक्टरांकडे जायला लाजू नका. तेही आपल्याच हातातले आहे.

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजन्म, आणि पुढे वद्य एकादशीला देवमामलेदारांची पुण्यतिथी. मधले हे थोडे दिवस वही सुरू करायला उत्तम. नुसती इच्छा नको, आजच पहिली ओळ लिहा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!