पुढं मामा हाईत

जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी कोल्हापूरहून राधानगरीला बाईकवरून निघालात, तर हळदी-परिते ओलांडताना केव्हातरी समोरून येणारा एक अनोळखी माणूस तुम्हाला डिपर मारतो. भर दिवसा, दोनदा. कधी हँडलवरचा हात सोडून स्वतःच्या डोक्यावर टपली मारतो, कधी नुसता अंगठा मागं वळवतो. तुमच्या मागच्या सीटवरचा मित्र लगेच म्हणतो, "फुडं मामा हाईत." कोपरात अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं. ट्रिपल सीट आलेल्या गाडीवरचा तिसरा उतरून उगाच चालायला लागतो. आणि पुढच्या वळणापलीकडं, झाडाखाली, बॅरिकेड लावून पोलीस खरंच उभे असतात.

माझं गाव याच तालुक्यात. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये, पण महिन्यातून एकदा तरी हा रस्ता होतोच. त्यामुळं हा डिपर माझ्या डोक्यात बरेच दिवस घर करून आहे. जो माणूस तो मारतो त्याला त्यातून काय मिळतं? काहीच नाही. आपण त्याला पुन्हा भेटणार नाही, त्याचं नाव कळणार नाही, 'थँक्यू' म्हणायलाही वेळ नसतो. परतफेडीची आशा न ठेवता परक्याला केलेली मदत, चांगुलपणाची याहून सोपी व्याख्या सापडायची नाही. फक्त ही मदत कायद्यातून निसटायला केलेली असते. मग हा चांगुलपणा धरायचा की नाही?

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर डिपर म्हणजे ब्रॉडकास्ट. मेसेज कुणाकुणाला पोचला हे पाठवणाऱ्याला कळत नाही. समोरून येणाऱ्यांत पीयूसी संपलेला मास्तर असतो, लायसन्स न काढलेला अकरावीतला पोरगा असतो, धबधब्यावर दोन क्वार्टर संपवून परत निघालेला असतो, आणि चोरीच्या गाडीवरचाही असू शकतो. सगळ्यांना तोच प्रकाश, तितक्याच वेळा.

हा प्रश्न फक्त आपल्या रस्त्याचा नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क पोलिसांनी गूगलला पत्र लिहिलं, की तुमच्या 'वेझ' ॲपवर लोक आमच्या दारू-तपासणीच्या जागा एकमेकांना सांगतात, ते बंद करा. फ्रान्सनं तर २०२१ पासून काही ठरावीक नाकाबंद्या ॲपवर दाखवायला कायद्यानंच मनाई केली. उलट, अमेरिकेतल्या मिझुरीत २०१४ साली एका न्यायाधीशानं हेडलाइट मारून इशारा देणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे असं मानलं. म्हणजे आपला साधा डिपर कोर्टापर्यंत जाऊन आलाय.

आता आधी हेल्मेटचं बघू, कारण दिवसा बहुतेक डिपर त्यासाठीच असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणं हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्याला, दोघांनाही सक्तीचं आहे. केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती. 'माझं डोकं, माझी मर्जी' हा युक्तिवाद मला माहीत आहे. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध चक्क मोर्चा निघाला होता, तेव्हा तो भरपूर ऐकायला मिळाला. मला तो पटत नाही. डोकं एकट्याचं असतं, पण फुटल्यावर सीपीआरच्या बाहेर बाकड्यावर रात्रभर बसणारे चारपाच जण असतात, आणि त्यांना मर्जी कुणी विचारलेली नसते.

तर, नाकाबंदीचा हेतू लोकांच्या डोक्यावर हेल्मेट यावं हा असेल, तर डिपर मारणारा पोलिसांचंच काम करतोय, तेही फुकट. एका पावतीनं एक हेल्मेट चढत असेल, तर एका डिपरनं दहा. पोलिसांना याचा राग येत असेल, तर त्यांना हेल्मेट हवं होतं की पावती, असं विचारायला जागा आहे. पण त्याच डिपरची दुसरी बाजू नाकाबंदी ओलांडल्यावर दोनशे मीटरवर दिसते. तिथं हेल्मेट परत कोपरात आलेलं असतं. त्या दोनशे मीटरमध्ये माणूस एवढंच शिकतो की हेल्मेट मामांसाठी घालायचं असतं.

माझा एक वर्गमित्र पोलिसात आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. त्याला विचारलं. तो हसला. "डिपर मारलेला आम्हालाबी कळतोय रे. एकदम सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट दिसाय लागलं की समजायचं, जागा बदलायची वेळ झाली." मग जरा थांबून म्हणाला, "दिवसा मारा काय मारायचं ते. रात्री नको."

रात्रीचं वेगळं आहे, आणि माझ्या मते इथं सगळा युक्तिवाद उलटा फिरतो. हेल्मेट ऐनवेळी घालता येतं, प्यायलेली दारू ऐनवेळी उतरवता येत नाही. कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. ती ओलांडलेल्या माणसाला डिपर मिळाला तर तो काय करतो? गाडी ढाब्यावर लावतो, नाकाबंदी उठेपर्यंत ऑम्लेट खातो, आणि मग निघतो. किंवा उसातला आडरस्ता धरतो, जिथं दिवे नाहीत आणि गळीत हंगामात मागचा लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात. दारूची तपासणी अचानक असेल तरच तिला अर्थ आहे. आमचा रस्ता पुढं दाजीपूरवरून फोंडा घाटानं कोकणात उतरतो, तिथून गोवा लांब नाही. पावसाळ्यात राऊतवाडीच्या धबधब्यावरून संध्याकाळी परतणारी पोरं बघितलीत तर मी काय म्हणतोय ते लक्षात येईल.

आमच्या गल्लीतल्या एका काकांना डेअरीत दूध घालून परतताना बाईकनं उडवलं. मारणारा प्यायलेला होता. काका वाचले, पण मांडीत रॉड आहे, आणि म्हशी विकल्या. त्या दिवशी रस्त्यावर नाकाबंदी नव्हतीच, तेव्हा त्यात डिपरचा काही दोष नाही. तरी तेव्हापासून काका कुणी रात्री डिपर मारताना दिसला की शिव्या घालतात. गंमत म्हणजे त्यांचा थोरला मुलगा अजूनही मारतो. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "सगळेच काय पिलेले नसत्यात. बाकीच्यांना कशाला गावू द्यायचं?"

'गावू द्यायचं' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. ज्याची कागदपत्रं नीट आहेत, हेल्मेट डोक्यावर आहे, त्यालाही आपण पोलिसांना 'गावतो' असंच वाटतं. असं का वाटावं?

कायदा तसा साधा आहे. कलम १३० प्रमाणं गणवेशातल्या पोलिसानं मागितलं तर लायसन्स दाखवायचं. २०१८ च्या नियमबदलापासून डिजिलॉकरमधली कागदपत्रंही चालतात. पण रस्त्यावर कलम भेटत नाही, माणूस भेटतो. तो आधी गाडीची चावी काढून घेतो. चारचाकी सोडून देतो आणि दुचाकी बाजूला घेतो. दुचाकींतही कोण? कॉलेजची पोरं, किटल्या लावलेला दूधवाला, जोडीनं फिरायला आलेली पोरं-पोरी, बाहेरच्या पासिंगच्या गाड्या. माझ्या एका मित्रानं अशाच एका रस्त्यावर मोबाईलमधलं लायसन्स दाखवून नियम सांगितला, तर उत्तर आलं, "लय शाना हाईस काय?" पाऊण तास उभं राहून दोनशे रुपयांत विषय मिटला, पावतीशिवाय. २०१८ पासून लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तर सुटका. दोनशे रुपयांसाठी १०६४ ला कोण फोन लावतो? पुन्हा त्याच रस्त्यानं जायचं असतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढं हा गुंता दोनदा आला. १९७९ मध्ये त्यांनी म्हटलं की मनात आलं म्हणून एखादीच गाडी अडवून लायसन्स बघणं घटनेत बसत नाही. १९९० मध्ये मात्र दारूसाठी लावलेली, येणारी प्रत्येक गाडी थांबवणारी नाकाबंदी त्यांनी चालवून घेतली. मला यातला फरक पटतो. सगळ्यांना थांबवलं तर तो रस्त्याचा त्रास झाला, जसा टोल असतो. तुम्हालाच थांबवलं तर तुमच्याविषयी कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं. आपला डिपर त्या ठरवण्याविरुद्ध असतो असं मी म्हणेन. तो मारणाऱ्याला चोर वाचवायचा नसतो. पुढं कायदा नाही, मूड उभा आहे, एवढंच त्याला कळवायचं असतं.

मग मूडच काढून टाकला तर? राधानगरीकरांना याचं उदाहरण सांगायला नको. शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या आमच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ८.३६ टीएमसीचं धरण भरलं, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दार आपोआप उघडतं आणि भोगावतीत १,४२८ क्युसेक सुटतं. कुणाला विचारावं लागत नाही, कुणाची ओळख चालत नाही. इंजिनिअर म्हणून मला ते दरवाजे फार आवडतात. रस्त्यावर कॅमेरे लावा, ई-चलन थेट मोबाईलवर पाठवा, मामा नकोत नि डिपरही नको, असं मी मित्रांत बऱ्याचदा मांडलंय. चावी काढून घेणं नाही, 'शाना' नाही, दोनशे रुपये नाहीत.

पण मागच्या पावसाळ्यात याच भागात एका नाकाबंदीवर मी माझी कागदपत्रं दाखवत होतो, तेव्हा शेजारी एक गाडी थांबली. नवरा, बायको, मध्ये तापानं फणफणलेली चारेक वर्षांची पोरगी. तिघांत एकही हेल्मेट नाही. हवालदारानं पोरीच्या कपाळाला हात लावला, स्वतःचा रेनकोट बायकोच्या अंगावर टाकला, आणि म्हणाला, "जावा, सावकाश जावा. रेनकोट उद्या चौकीत आणून द्या." कॅमेऱ्यानं या माणसाला पावती पाठवली असती, आणि नियमानं बघितलं तर ती बरोबर असती. चार वर्षांपुढच्या पोरालाही हेल्मेट लागतं.

मूड काढायचा तर हाही मूड जातो. चावी हिसकावणारा हात आणि कपाळाला लागलेला हात, दोघांना ताकद एकाच ठिकाणाहून मिळते, ती म्हणजे 'तू ठरव' अशी दिलेली मोकळीक. त्यातली निम्मीच ठेवायची युक्ती मला सापडलेली नाही. प्रत्येक गाडी थांबवा, पावतीशिवाय पैसा घेऊ नका, चावीला हात लावू नका, आणि सोडायचं असेल तर का सोडलं ते नोंदवा, इतपत मागणी मला रास्त वाटते. ती पूर्ण झाली तर लोक डिपर मारणं आपणच कमी करतील, असा माझा अंदाज आहे.

तोवर मी रात्री डिपर मारत नाही. दिवसा मात्र समोरून बिनहेल्मेटचा कुणी येताना दिसला की डोक्यावर टपली मारतो, पुढं पोलीस असोत नाहीतर नसोत. बरेचजण घाईघाईनं हेल्मेट चढवतात, आणि पोलिसांची वाट बघत बघत पाचसात किलोमीटर तसेच जात असतील.

माझ्या चुलतभावाला हे अजिबात मंजूर नाही. त्याच्या मते मी सगळ्या रस्त्याचा विश्वास मोडतोय. लांडगा आला रे आला, तशातली गत. मी त्याला सांगितलं, मी फक्त डोक्यावर हात मारतो, पोलीस आहेत असं कुठं म्हणतो? खोटं बोलू नये म्हणून दारात आलेल्या खुन्यालाही खरं सांगा म्हणणारा कांट यावर काय म्हणाला असता, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "परवा तुझ्यामुळं आपल्याच गावची दोन पोरं धरणापर्यंत हेल्मेट घालून गेली. लय शिव्या दिल्या तुला."